डेंग्यूची चाचणी: ताप कितव्या दिवसाचा?

पडद्यावर दिसते आहे ते डेंग्यूचे रॅपिड कार्ड. रक्तद्रवाचे काही थेंब त्याच्या खिडकीत सोडले की पंधरा-वीस मिनिटांत ‘सी’ या अक्षरासमोर एक रेघ उमटते, आणि ‘टी’समोरही उमटली तर अहवाल पॉझिटिव्ह येतो. मात्र दुसरी रेघ आली नाही, म्हणून डेंग्यू नाही असे ठरत नाही.

तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत विषाणू रक्तात असतो. तेव्हा आरटी-पीसीआर चाचणी त्याचे जनुकीय द्रव्य शोधून काढते आणि तो डेंग्यूच्या चार प्रकारांपैकी कोणता, हेही सांगते. पण तिच्यासाठी सुसज्ज प्रयोगशाळा लागते. ‘एनएस1’ हे विषाणूचे प्रथिनही पहिल्या दिवसापासून सापडू शकते. संसर्गाविरुद्ध शरीर सुरुवातीला तयार करते ती आयजीएम प्रतिपिंडे मात्र साधारण पाचव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या निगेटिव्ह आयजीएमला फारसा अर्थ नसतो. शिवाय ती दोन-तीन महिने टिकत असल्याने पॉझिटिव्ह अहवाल आधीच्या संसर्गाचाही असू शकतो.

खरी अडचण दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या रुग्णात येते. पहिल्या संसर्गानंतर त्याच्या रक्तात दीर्घकाळ टिकून राहिलेली आयजीजी प्रतिपिंडे एनएस1 ला चिकटतात आणि प्रथिन रक्तात असूनही चाचणीच्या हाती लागत नाही. जिथे डेंग्यू वर्षानुवर्षे मुक्कामाला आहे, तिथे असे रुग्ण थोडे नसतात. श्रीलंकेतील 259 तापाच्या रुग्णांच्या नमुन्यांवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, केवळ एनएस1 पाहणाऱ्या रॅपिड चाचण्यांनी डेंग्यूचे जेमतेम निम्मे किंवा त्याहून थोडे अधिक रुग्ण ओळखले. एनएस1 आणि आयजीएम या दोहोंपैकी काहीही पॉझिटिव्ह आले तरी डेंग्यू, असे धरल्यावर हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास गेले, पण डेंग्यू नसलेले काही रुग्णही त्यात ओढले गेले. पाकिटावर छापलेल्या अचूकतेच्या आकड्यापेक्षा असे अभ्यास अधिक बोलके वाटतात, कारण तो आकडा कोणत्या रुग्णांवर आणि तापाच्या कितव्या दिवशी काढला, हे पाकीट क्वचितच सांगते.

भारताच्या डेंग्यू नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात म्हणूनच रॅपिड कार्डावरचा पॉझिटिव्ह रुग्ण ‘संभाव्य’ धरला जातो. निश्चितीसाठी एलायझा ही प्रयोगशाळेतली चाचणी वापरतात: पहिल्या पाच दिवसांत एनएस1 एलायझा आणि त्यानंतर आयजीएम एलायझा करतात. यांपैकी आयजीएमचे किट पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था तयार करून देशभरातील निवडक रुग्णालयांना पुरवते.

प्लेटलेटची घट अन्य तापांतही दिसते, तेव्हा ती या चाचण्यांची जागा घेऊ शकत नाही. आणि रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा धोका बहुधा ताप उतरताना, म्हणजे एनएस1 मावळत असतानाच वाढतो. त्या दिवसांत अहवाल निगेटिव्ह असला तरी डॉक्टर पोटदुखी, सततच्या उलट्या आणि हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) यांवर लक्ष ठेवतात.