काठी कोणत्या हातात?

मंडळी, आधी एक प्रश्न विचारते. उजवा खुबा दुखतोय, चालताना कळ येते. काठी कोणत्या हातात धराल? बरेच उजवे हात वर झालेले दिसताहेत. मी इतकी वर्षं फिजिओथेरपीचं काम करते, आणि बहुतेक वेळा मला हेच उत्तर मिळतं. दुखतंय त्या बाजूला आधार द्यावा असं वाटणं साहजिक आहे. पण काठी डाव्या हातात हवी.

याचं कारण समजून घेऊ या, म्हणजे घरी गेल्यावर हात बदलायचं लक्षात राहील. चालताना दर पावलाला काही क्षण आपण एकाच पायावर उभे असतो. समजा, उजव्या पायावर उभे आहोत. त्या वेळी शरीराचा भार खुब्याच्या सांध्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे डावीकडे ओढत असतो. कंबर तिकडे कलू नये म्हणून उजव्या कुल्ल्याचे स्नायू तिला बाहेरच्या बाजूने धरून ठेवतात. पण हे स्नायू सांध्याच्या अगदी जवळ आहेत आणि भार त्यामानाने लांब. बिजागरीजवळ हात ठेवून दार ढकलून बघा, किती जोर लागतो! तशीच या स्नायूंची दमछाक होते. त्यांची ओढ आणि वरचा भार मिळून सांध्यावर आपल्या वजनाच्या साधारण अडीच ते तीन पट दाब येतो. म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या खुब्यावर पावलागणिक १५० किलोंच्या वर.

आता काठी डाव्या हातात घ्या. ती सांध्यापासून दूर टेकते, म्हणजे दाराच्या दुसऱ्या कडेला हात लावल्यासारखं झालं. तिथे हाताने दिलेला थोडासा दाबही स्नायूंचं बरंच ओझं उतरवतो. तीच काठी उजव्या हातात घेतली तर माणूस तिच्यावर झुकतो, चाल वाकडी होते आणि खुब्याला फारसं काही मिळत नाही. गुडघ्याच्या दुखण्यातही काठी विरुद्ध हातातच घ्यायची. एरवीसुद्धा उजवं पाऊल पुढे पडतं तेव्हा डावा हात पुढे जातो, काठी त्याच लयीत बसते. दुखरा पाय आणि काठी एकदम पुढे, मग चांगला पाय.

अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ साली आपल्या व्यवसायबंधूंना कळकळीने सांगितलं होतं की काठी टाकून देऊ नका. मला हे आजही सांगावं लागतं, कारण लोकांना काठीची लाज वाटते. काठी घेतली म्हणजे आपण म्हातारे झालो, असं वाटतं. इजिप्तचा राजा तुतनखामेन विशीच्या आत वारला. १९२२ साली त्याची कबर सापडली, तेव्हा तिच्यात सुमारे १३० काठ्या होत्या. काही मानाच्या, पण काहींवर वापराच्या खुणा होत्या. २०१० साली त्याच्या ममीची तपासणी प्रसिद्ध झाली. त्याच्या डाव्या पावलात हाडांचा आजार होता, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. काठीचा संबंध वयाशी नाही, चालण्याशी आहे. आणि लाजेपोटी घरात बसलेल्या माणसाच्या पायातली ताकद फार लवकर जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता उंची. माझ्या आईने आजोबांची काठी वापरायला घेतली होती. सुरेख काठी, पण आजोबा उंच होते. चार महिन्यांत आईचा खांदा दुखायला लागला. मी तिच्या दुखऱ्या गुडघ्याकडेच बघत बसले, काठीकडे माझं लक्षच गेलं नाही. ती चांगली चार बोटं जास्त लांब होती. प्रत्येक पावलाला आईचा खांदा कानाकडे उचलला जात होता.

माप घेताना रोजच्या चपला-बूट घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे. मनगटाच्या आतल्या बाजूला जी घडी पडते, तिच्या उंचीला मूठ यायला हवी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं, साधारण २० ते ३० अंश. लाकडी काठी कापायची असेल तर ती उलटी करून मूठ जमिनीवर टेकवा, मनगटाच्या घडीपाशी खूण करा आणि खालच्या रबराची जाडी वजा करून मगच करवत लावा. शंका असली तर आधी थोडं कमी कापा. माप दुसऱ्याने घ्यावं, कारण स्वतः घेताना आपण खाली वाकतो आणि माप चुकतं.

मुठीचं म्हणाल, तर छत्रीसारखी वाकडी मूठ हातावर अडकवायला सोयीची, पण भार काठीच्या सरळ रेषेत पडत नाही. रोज भार टाकायचा असेल तर आडवी मूठ बरी. तळव्याच्या आकाराच्या रुंद मुठी डाव्या-उजव्या हातासाठी वेगवेगळ्या येतात, ते घेताना विचारून घ्या. चार पायांची काठी जास्त स्थिर असते, पण तिचे चारही पाय एकदम टेकले तरच. भरभर चालणाऱ्याला ती अडखळवते. पांढरी काठी पूर्णपणे वेगळी. ती वाट चाचपण्यासाठी असते, तिच्यावर भार टाकायचा नसतो.

आणि ते खालचं रबर! एवढीशी वस्तू, पण सगळी भिस्त तिच्यावर. त्यावरच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या की ओल्या फरशीवर काठी सटकते. महिन्यातून एकदा काठी उलटी करून बघा. रबर एका बाजूने झिजलं असेल तर काठी तिरकी टेकवताय, हेही तिथेच कळेल.

जिन्यात क्रम पाठ करा: चढताना चांगला पाय आधी, मग काठी आणि दुखरा पाय. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी, मग चांगला. शरीर वर उचलायचं आणि हळूच खाली सोडायचं, ही दोन्ही कामं चांगल्या पायाने करायची. कठडा असेल तर मोकळा हात कठड्यावर.

डोंगरात हिशोब बदलतो. तिथे दुखणं नसतानाही काठी लागते आणि बहुतेक वेळा दोन लागतात. उतारावर गुडघ्यांवर येणारा भार ट्रेकिंग पोलमुळे, म्हणजे लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या या काठ्यांमुळे, कमी होतो, हे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मोजलं गेलं. घट काही मापांत २५ टक्क्यांपर्यंत होती. पण पोल नुसते हातात लटकवून हा फायदा मिळत नाही, त्यांच्यावर भार द्यावा लागतो. सपाटीवर कोपर काटकोनात येईल इतकी लांबी ठेवा, लांब चढावर पाच-दहा सेंटीमीटर कमी करा, उतारावर तेवढीच वाढवा. मुठीला असलेल्या पट्ट्यात हात खालून वर घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची. मग भार मनगट पेलतं, बोटं आवळावी लागत नाहीत. ओढा ओलांडताना मात्र हात पट्ट्यातून काढून घ्या. पोल दगडात अडकला तर तो सोडून देता आला पाहिजे.

पोलची लांबी पक्की करणारे दोन प्रकार असतात, पिळून घट्ट करायचे आणि खटका दाबायचे. एकदा उतारावर माझा पिळायचा पोल भार टाकताच आत सरकला आणि मी मनगटावर पडले. तेव्हापासून निघण्याआधी प्रत्येक पोलवर सगळं वजन टाकून बघते. ॲल्युमिनियम वाकतं, कार्बन हलकं पण मोडतं तेव्हा एकदम मोडतं. खडकाळ वाटेवर मी ॲल्युमिनियमच घेते. वाकलेल्या पोलने निदान घरी तरी येता येतं.

लाकडाचीच काठी आवडते असं म्हणणारेही इथे असतील. त्यांनी लाकडाच्या रेषा बघाव्यात. त्या टोकापासून मुठीपर्यंत सरळ गेलेल्या हव्यात. तिरक्या रेषा बाजूने बाहेर पडत असतील, तर तिथेच काठी चिरते. ओलं लाकूड वाळताना वाकतं आणि तडकतं, म्हणून तोडलेली फांदी सावलीत काही महिने तरी वाळू द्यावी.

ज्यांनी आपल्या काठ्या आणल्या आहेत, त्यांनी आता पुढे या. पायातलं काढू नका, तसेच या. टेप माझ्याकडे आहे, आणि रबराचे तीन आकार आणलेत.