कांद्यावरचा विषाणू आणि फुलकिड्याचं पिल्लू

मंडळी, एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. कांद्याच्या रोपात विषाणू शिरला की त्याला मारणारं औषध नाही. बुरशीनाशकानं तो जात नाही, कीटकनाशकानं जात नाही, टॉनिकानं तर नाहीच. त्यामुळे ‘पातीवर असे डाग पडलेत, काय मारू?’ असं कुणी विचारलं, की माझं पहिलं उत्तर असतं, ‘त्या डागांसाठी काहीच मारू नका.’ आणि मग त्या शेतकऱ्याला मी बसवून घेतो. कारण करण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्याची जागा वेगळी आणि वेळही वेगळी.

आपण ज्याविषयी बोलतोय त्या विषाणूचं नाव आयरिस यलो स्पॉट व्हायरस. नेदरलँड्समध्ये आयरिस या फुलझाडावर तो सापडला, १९९८ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि तेच नाव कायम राहिलं. कांद्यावर हा रोग त्याच्या आधीपासून होता. ब्राझीलमध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आणि अमेरिकेत १९८९मध्ये, बियाण्याच्या कांद्यावर, त्याची नोंद झालेली आहे. भारतातली नोंद २००६ सालची. टोमॅटोवरच्या स्पॉटेड विल्ट या विषाणूचा हा भाऊबंद. दोघंही फुलकिड्यांवाचून, म्हणजे पातीतला रस शोषणाऱ्या बारीक किड्यांवाचून, पसरत नाहीत.

आधी ओळख पक्की करू, कारण निम्मा खर्च चुकीच्या ओळखीपायी वाया जातो. या रोगाचा डाग चातीच्या आकाराचा असतो. मध्ये रुंद, दोन्ही टोकांना निमुळता आणि पातीच्या लांबीच्या दिशेनं पडलेला. रंग वाळल्या गवताचा. काही डागांच्या मधोमध हिरवा ठिपका शिल्लक राहतो आणि त्याच्याभोवती फिकट कडं दिसतं. तसा डाग दिसला तर शंका बरीच कमी होते. जांभळा करपा हा बुरशीचा रोग, त्याचा डाग वेगळा. त्यात जांभळट छटा असते, एकात एक वलयं असतात आणि दमट हवेत त्याच्यावर काळपट बुरशी धरते. विषाणूचा डाग कोरडाच राहतो. गारपिटीचे आणि तणनाशकाचे डागही फसवतात. तेव्हा खात्री करायची असेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा, पण कापताना डाग आणि त्याची कड दोन्ही त्या तुकड्यात येतील असं बघा. हा विषाणू रोपात सगळीकडे सारखा पसरत नाही, डागाच्या आसपासच राहतो. त्याच रोपाचं स्वच्छ पान पाठवलंत तर ‘रोग नाही’ असा अहवाल येऊ शकतो आणि तो खोटाही नसतो.

बियाण्यातून हा रोग येत नाही, म्हणून बियाण्याला दोष देऊ नका. रोपांतून मात्र येतो. रोपवाटिकेत संसर्ग झाला असेल तर तो रोपांच्या जुड्यांबरोबर शेतात पोचतो, आणि सोबत फुलकिडेही येतात.

आता मुख्य गोष्ट. कांद्यावरचा फुलकिडा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा. त्याची मादी नराशिवायही पिल्लं देऊ शकते, आणि पुष्कळ ठिकाणी शेतात सापडतात त्या बहुतेक माद्याच. मादी पानाच्या आत अंडी घालते. त्यातून पिल्लं निघतात, पानाचा पृष्ठभाग खरवडून रस शोषतात, दोनदा कात टाकतात आणि मग खाणं थांबवून बहुतेक जमिनीत उतरतात. तिथे कोषावस्था काढून पंखवाले प्रौढ वर येतात. हवा उष्ण आणि कोरडी असली की दोन-तीन आठवड्यांत एक पिढी पुरी होते.

या चक्रात विषाणूला आत शिरायला एकच दार आहे. अगदी लहान पिल्लू रोगट भागावर खातं, तेव्हाच विषाणू त्याच्या अंगात शिरून टिकतो. तिथे तो वाढतो, कोषावस्थेतूनही सोबत राहतो, आणि ते पिल्लू प्रौढ होऊन उडालं की मरेपर्यंत रोग पसरवत राहतं. उलट, निरोगी रोपावर वाढलेला प्रौढ नंतर रोगट पानावर कितीही बसला, तरी तो रोग पसरवू शकत नाही. मादीच्या अंगातून अंड्यात विषाणू उतरत नाही. म्हणजे प्रत्येक पिढीला तो नव्यानं, लहानपणीच आणि रोगट रोपावरच मिळवावा लागतो.

हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यातूनच निघतं. शेतात रोग पसरवणारा प्रत्येक फुलकिडा कुठल्या तरी रोगट रोपावर लहानाचा मोठा झालेला असतो. ते रोप कुठे होतं, हा प्रश्न ‘काय मारू’ याच्या आधी विचारायचा. बहुतेक वेळा ते असतं मागच्या पिकाचे जमिनीत राहिलेले कांदे फुटून आलेल्या पातीत, किंवा बांधावर टाकलेल्या कोंब आलेल्या कांद्यांच्या ढिगात. कधी ते शेजारच्या काढणीला आलेल्या वावरात असतं, कधी बियाण्यासाठी लावलेल्या कांद्यात, कधी लसणात. फुलकिडे कोबीवर, गव्हावर आणि कितीतरी तणांवरही वाढतात, पण कांदा आणि त्याच्या कुळातली पिकं हेच या विषाणूचं मोठं घर. दोन हंगामांच्या मधल्या काळात हिरवा कांदा कुठेच उभा नसेल, तर विषाणूचा मुक्काम मोडतो. माझ्या मते या रोगाच्या नियंत्रणातलं सगळ्यात मोलाचं काम हेच, आणि ते सगळ्यात कमी केलं जातं, कारण तेव्हा शेतात पीक नसतं आणि कुणाला घाई नसते.

फवारणीनं का भागत नाही, तेही यातून कळतं. बाहेरून विषाणू घेऊन आलेला प्रौढ तुमच्या पातीवर उतरतो आणि औषधानं मरायच्या आधीच खाऊन मोकळा होतो. ती पहिली लागण फवारणी रोखू शकत नाही. पण त्याच्यानंतर त्या रोपावर जी पिल्लं निघतील, त्यांना प्रौढ होऊ द्यायचं की नाही, हे तुमच्या हातात असतं. म्हणून मोजायची ती पिल्लं.

मोजणीची रीत सोपी आहे. रोप उपटू नका. मधली दोन कोवळी पानं मानेपाशी, म्हणजे कांद्यातून पात निघते तिथे, हलक्या हातानं फाकवा आणि भिंग लावा. फिकट पिवळसर, बिनपंखी, सुईच्या टोकाएवढी पिल्लं उजेड लागताच खाली सरकताना दिसतील. त्यांच्यासोबत चंदेरी ओरखडे आणि विष्ठेचे काळे ठिपके दिसतील. बांधालगतची रोपं आणि वावराच्या मधली रोपं वेगवेगळी मोजा, कारण कडेला आकडा आधी चढतो. रोपामागे तीस फुलकिडे ही फवारणीची पातळी बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते, पण ती मुख्यतः रस शोषण्यानं होणाऱ्या नुकसानीसाठी. विषाणूचा इतिहास असलेल्या भागात तेवढं थांबणं महागात पडतं. न्यूयॉर्क राज्यात दर पानाला सरासरी एक फुलकिडा झाला की फवारणीचा सल्ला देतात. मला तो अधिक शहाणपणाचा वाटतो.

आता फवारणीतल्याच दोन-तीन गोष्टी. कांद्याच्या पातीवर मेण असतं, त्यावरून द्रावण अळवावरच्या पाण्यासारखं ओघळतं. पसरवणारं चिकटद्रव्य मिसळल्याशिवाय आणि पाणी मानेत उतरेल इतकं वापरल्याशिवाय चांगलं औषधही वाया जातं. स्पायरोटेट्रामॅट हे कीटकनाशक पिल्लांवर चांगलं चालतं, पण सावकाश, म्हणून ते संख्या चढण्याआधी वापरावं. स्पिनेटोराम हे दुसरं कीटकनाशक पिल्लं आणि प्रौढ दोन्हींवर काम करतं. एकाच गटातली, म्हणजे किडीवर एकाच पद्धतीनं काम करणारी, औषधं सलग दोनपेक्षा जास्त वेळा घेऊ नयेत, पुढे गट बदलावा. लॅम्डा-सायहॅलोथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांना फुलकिडे दाद देत नाहीत, असं उत्तर अमेरिकेत फार पूर्वीच दिसून आलंय. शिवाय ही औषधं फुलकिडे खाणाऱ्या मित्रकिडींना मारतात आणि थोड्याच दिवसांत फुलकिडे पहिल्यापेक्षा जास्त होतात. आपल्याकडे कोणत्या औषधाला कांद्यासाठी मान्यता आहे आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे लेबलवर वाचा. हिरवी पात विकणाऱ्यांनी तर वाचायलाच हवं.

औषधाशिवायच्या उपायांवर माझा भरवसा जास्त आहे. वाफ्यात पेंढ्याचं आच्छादन केलं की फुलकिड्यांची संख्या घटते, हे शेतावरच्या प्रयोगांत दिसलंय. चंदेरी प्लॅस्टिकच्या चकाकीनं प्रौढ उतरायला बिचकतात. तुषार सिंचनाचा मारा पिल्लांना पातीवरून धुऊन काढतो, मात्र पात सतत ओली राहून करपा बळावणार नाही एवढं सांभाळावं लागतं. लागवडीच्या महिनाभर आधी कडेनं मक्याच्या दोन ओळी पेराव्यात. फुलकिडा दुबळा उडणारा, तो वाऱ्याबरोबर येतो, आणि उभा मका त्याला अडवतो. नत्र गरजेपुरतंच द्या. जादा युरियानं लुसलुशीत झालेली पात त्यांना फार मानवते. पाण्याचा ताण पडू देऊ नका. तहानलेल्या पिकात हाच रोग दुप्पट क्रूर दिसतो.

रोगाला पूर्ण दाद न देणारा वाण अजून नाही. पण ज्यांच्या पातीवर मेण कमी असतं आणि पात जरा चकचकीत दिसते, अशा वाणांवर फुलकिडे कमी राहतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये या गुणावर निवडीचं काम चाललंय. तोवर आपल्या शेतात दोन वाण शेजारी लावून कुणावर किती पिल्लं दिसतात, हे बघणं कुणालाही जमेल.

बीजोत्पादन करणाऱ्यांना वेगळं सांगतो. त्यांच्या पिकात डाग डेंगळ्यावर, म्हणजे फुलाच्या दांड्यावर पडतो, डेंगळा तिथेच कमकुवत होऊन मोडतो आणि वरचा फुलांचा अख्खा गोंडा बियाण्यासकट जातो. शिवाय हे पीक शेतात खूप दिवस उभं राहतं आणि पुढच्या हंगामाच्या रोपवाटिकेपर्यंत विषाणू पोचवतं. रोपवाटिका आणि बियाण्याचा कांदा एका बांधाला कधीच नको. जमेल तेवढं अंतर ठेवा, आणि रोपवाटिका वाऱ्याच्या वरच्या बाजूला घ्या.

काढणीनंतर वावरात राहिलेले कांदे वेचून काढा किंवा खोल नांगरून गाडा. बाद झालेला माल ढीग करून ठेवू नका, त्याला कोंब यायच्या आत त्याची विल्हेवाट लावा. काढणीला आलेल्या कांद्याची पात पडून वाळायला लागली की तिथले फुलकिडे हिरव्या पातीच्या शोधात एकदमच उठतात, आणि लगतची कोवळी लागवड त्यांना आयती सापडते. म्हणून रोपं उपटण्याआधी, वारा येतो त्या बाजूला कुणाचा जुना कांदा उभा आहे आणि तो कधी निघणार, हे विचारून घ्या. तो निघून वावर साफ होईपर्यंत तुमची लागवड आठवडा-दोन आठवडे मागे नेता येत असेल तर न्या. येत नसेल, तर मका त्या बाजूला आधी पेरा आणि मोजणी त्याच कडेपासून सुरू करा.