सायकल चोरीला गेल्यावर

श्रोतेहो, नमस्कार. सकाळी जिन्याखाली पाहावं तर सायकल नाही, कापलेली केबल तेवढी फरशीवर पडलेली. अशा वेळी कुणी हलवून तर ठेवली नाही ना, हे आधी वॉचमनला विचारा. नसेल, तर केबलला हात न लावता फोटो काढा आणि सीसीटीव्हीचं चित्रण त्याच दिवशी मागून घ्या. डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं.

मग पोलीस ठाणं. इथे ५,००० रुपये हा आकडा महत्त्वाचा. १ जुलै २०२४ पासून साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं. ऐवज ५,०००च्या आतला असेल तर गुन्हा अदखलपात्र. म्हणजे एनसी, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतात, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. ५,००० किंवा जास्त असेल तर एफआयआर नोंदवायलाच हवा, आणि त्याची प्रत फुकट मिळते. म्हणून किंमत अंदाजाने सांगू नका, बिल न्या. हरवलं असेल तर दुकानदाराच्या बिलबुकात प्रत सापडू शकते. ज्याची रोजची मजुरी सायकलवर चालते, त्याची जुनी सायकल नेमकी ५,०००च्या आत बसते, हे आम्हाला फार खटकतं.

जवळच्या सायकल दुरुस्तीवाल्यांना आणि भंगारवाल्यांना फोटो दाखवून ठेवा. जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन जाहिरातीत सायकल दिसली, तर विकणाऱ्याशी हुज्जत घालू नका, पैसे देऊन सोडवूही नका. ११२ला फोन करा. सायकल जप्त झाली की ती मुद्देमाल, म्हणजे खटल्यातला पुरावा, ठरते. कोर्टात अर्ज केल्यावर ती सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, परत मिळते.

पण ती तुमचीच, हे सिद्ध कशाने होणार? रंग आणि कंपनी हजारो सायकलींची सारखीच असते. खरी ओळख फ्रेम नंबरची. ज्यांची सायकल अजून दारात आहे, त्यांनी आजच ती उलटी करावी. पायडलचा एक्सल ज्या आडव्या नळीतून जातो, तिच्या खालच्या बाजूला बहुधा हा नंबर ठोकलेला असतो. काहींवर तो हँडलखालच्या नळीवर असतो. ग्रीस आणि चिखल रॉकेलच्या फडक्याने पुसा, वर टाल्कम पावडर चोळा आणि हलकेच झटका. खाचांत पावडर राहून आकडे पांढरे उठतात. टॉर्च तिरकी धरून फोटो काढा आणि नंबर बिलाच्या मागे हाताने लिहून ठेवा. लिहिताना शून्य की इंग्रजी ओ, आठ की बी, हे दोनदा ताडून पाहा.