व्रत आधी, विस्तव नंतर

श्रोतेहो, गोव्यातल्या शिरगावची लईराई देवीची जत्रा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. वैशाख शुद्ध पंचमी, पेटलेलं होमकुंड आणि हातात वेत घेऊन निखाऱ्यांवरून जाणारे धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त. फोटो त्या क्षणाचेच निघतात. पण एखाद्या धोंडाला विचारा, तो जत्रेआधीचे दिवस सांगेल. सोवळं, मांस-मद्य वर्ज्य, घराबाहेर राहणं, आपलं आपण शिजवून खाणं. निखारे पार करायला किती वेळ लागतो? तिथे उभं राहून ‘जाऊ की नको’ करायला सवड नसते.

मला आज एवढंच सांगायचंय. कसोटीच्या वेळी श्रद्धा नव्याने आणता येत नाही. आधी जी अंगवळणी पडली असेल, तिच्यावरच भागवावं लागतं.

फोंड्यात बसून याचे दाखले शोधायला लांब जायला नको. 1560 साली मंगेश देव कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, झुआरी ओलांडून प्रियोळला आला. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. तिकडे पोर्तुगीजांच्या मुलखात देवळं पाडली जात होती, त्याच साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, गोव्यात आलं. इकडे अंत्रुजात, म्हणजे आपल्या फोंड्याच्या भागात, सत्ता विजापूरच्या आदिलशहाची. आपल्या देवांना आसरा मिळाला तो सुलतानाच्या मुलखात, हेही मुलांना सांगत जा.

ज्यांनी देव हलवले त्यांनी शेतं सोडली, माडांची भाटं सोडली. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण ते करताना मागे राहिलेल्यांना, धर्म बदललेल्यांना नावं ठेवायची सवय आपल्याला आहे, ती मला पटत नाही. घरात अंथरुणाला खिळलेली आई आणि सगळी मिळकत जमिनीत, अशा माणसाने काय करायचं होतं? इथे पंख्याखाली बसून आपण काय सांगणार?

आणि देव आणले म्हणजे झालं असंही नाही. तेव्हापासून साडेचारशेहून जास्त वर्षं रोज पहाटे कोणीतरी उठतंय, फुलं काढतंय, गंध उगाळतंय. त्याची बखर कोणी लिहीत नाही.

वास्कोचा दामोदर सप्ताह घ्या. चोवीस तास भजन अखंड चालतं. संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. पण रात्री तीनला जाऊन बघा. पेटीवाल्याचे डोळे मिटताहेत, तबलजी बोटं चोळतोय, झांज धरणारा एक पोरगा भिंतीला टेकलाय, पण ठेका चुकत नाही. पाळी आपली आहे, म्हणून तो बसलाय. त्या घटकेला त्याला भक्तीचा उमाळा आलेला असेल असं मला वाटत नाही. त्याची गरजही नाही.

आता आपल्या घरातली गोष्ट. दलाल येतो, म्हणतो पार्टी दिल्लीची आहे, उद्यापर्यंत होकार द्या, टोकन तयार आहे. जमीन विकूच नये असं मी म्हणणार नाही. मुलीच्या शिक्षणासाठी विकलेल्या जमिनीत पाप नाही. पण ‘उद्यापर्यंत’ या शब्दाला बळी पडू नका. आपल्याकडे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली सामाईक मालमत्तेची पद्धत आहे. तिच्याखाली नवऱ्याला एकट्याला जमीन विकता येत नाही, बायकोची सही लागते. बऱ्याच घरांत ती सही म्हणजे नुसता उपचार असतो. बाईला गाडीत बसवून नेतात आणि बोट दाखवतात, इथे कर. तसं करू नका. कागद आधी घरी आणा, तिच्यासमोर मोठ्याने वाचा आणि ती नको म्हणाली तर दलालाला त्याच दिवशी फोन करा.