कळा सुरू झाल्या, घरातून निघायचे केव्हा?

श्रोतेहो, नमस्कार.

बाळंतपणाच्या खऱ्या कळा कशा ओळखाव्यात आणि दवाखान्याकडे केव्हा निघावे, याविषयी मी आज बोलणार आहे. नववा महिना लागलेल्या स्त्रीने हे ऐकावेच. पण तिचा नवरा, सासू, आई आणि गावातली आशाताई यांनीही ऐकावे अशी माझी विनंती आहे, कारण निघण्याचा निर्णय आपल्याकडे पुष्कळदा त्या स्त्रीच्या एकटीच्या हातात नसतो. बाळंतपणातला मृत्यू ज्या उशिरांमुळे ओढवतो त्यांचे तीन प्रकार थॅडियस आणि मेन या अभ्यासकांनी १९९४ साली मांडले: निर्णय घेण्यातला उशीर, पोहोचण्यातला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला उशीर. तिसरा उशीर टाळणे आम्हा दवाखान्यातल्या लोकांचे काम आहे. पहिला मात्र घरातच होतो, आणि दुसऱ्याची तयारी घरातच करून ठेवावी लागते.

आधी तारखेविषयीचा एक गैरसमज दूर करते. डॉक्टर जी तारीख देतात ती शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढलेली असते, आणि आपल्या बायका म्हणतात ते नऊ महिने नऊ दिवसही जवळपास तिथेच येतात. परंतु नेमक्या त्या तारखेला बाळंत होणाऱ्या स्त्रिया शंभरात चार-पाचच असतात. ३७ आठवडे पूर्ण झाले की बाळंतपण केव्हाही सुरू होऊ शकते, त्यामुळे 'तारखेला अजून दहा दिवस आहेत, म्हणजे या कळा खऱ्या नव्हेत' असे म्हणून कोणीही निर्धास्त राहू नये. ३७ आठवड्यांच्या आत पोट पुन्हा पुन्हा कडक होऊन दुखू लागले, तर घरी मोजमाप करत बसूच नये, थेट दवाखाना गाठावा. बाळ फारच लवकर येणार असेल, तर त्याची फुफ्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शने देता येतात, पण त्यांचा गुण यायला वेळ लागतो आणि तो वेळ लवकर आलेल्या आईलाच मिळतो.

आता कळांकडे वळू. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत मधूनच पोट आवळल्यासारखे होते, कडक लागते आणि थोड्या वेळाने पुन्हा सैल पडते. ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७२ साली यांचे वर्णन केले, म्हणून वैद्यकात त्यांना त्यांच्याच नावाने ओळखतात. आपण त्यांना खोट्या कळा म्हणतो. दिवसभर शेतात वाकून काम झाले, पाणी कमी प्यायले गेले किंवा लघवी तुंबवून ठेवली, की त्या अधिक जाणवतात. त्यांना नेम नसतो: आत्ता एक येते, मग वीस मिनिटांनी दुसरी, पुढे तासभर काहीच नाही. लघवीला जाऊन येऊन, दोन पेले पाणी पिऊन कुशीवर पडले, किंवा पडून असल्यास उठून थोडे चालले, की त्या बहुधा विरतात. दुखण्याबरोबर लघवीला जळजळ किंवा ताप असेल, तर मात्र ते खोट्या कळांवर ढकलू नये, दाखवून घ्यावे.

खरी कळ निराळी असते. ती बऱ्याचदा कमरेत सुरू होते, पुढे ओटीपोटात उतरते आणि काही जणींना मांड्यांपर्यंत जाणवते. लाटेसारखी ती हळूहळू चढते, टोकाला पोहोचते आणि ओसरते. दोन कळांच्या मध्ये पोट पूर्ण सैल पडते आणि बाई पुन्हा नेहमीसारखे बोलू लागते. खरी कळ पडून राहिल्याने थांबत नाही आणि चालल्यानेही थांबत नाही. जसजसा वेळ जातो तसतशा कळा जवळ जवळ येतात, प्रत्येक कळ जास्त वेळ टिकते आणि जास्त जोरकस होते. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर गर्भाशयाचे तोंड उघडू लागले आहे असे धरून चालावे. केवळ दुखण्याच्या तीव्रतेवरून निर्णय करू नये. सोसण्याची सवय लागलेल्या आपल्या बायका चांगल्या जोरदार कळेतही 'थोडंसं दुखतंय' एवढेच सांगतात. कळ आली असताना तिला एक वाक्य सलग बोलता येते का, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

मोजण्याची रीत सोपी आहे, पण तीत नेहमी एक चूक होते. लोक पहिली कळ संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ मोजतात. मोजायचे असते ते एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत, आणि त्याशिवाय प्रत्येक कळ किती सेकंद टिकली ते. हे काम त्या स्त्रीवर टाकू नये. तिने फक्त 'आली' आणि 'गेली' म्हणावे. जवळच्या माणसाने घड्याळ किंवा मोबाईल पाहून कागदावर वेळ लिहीत जावे. पोटावर अलगद हात ठेवला तर कडकपणा आपल्यालाही कळतो. एवढी तासभराची नोंद तुम्ही आणली, तर आम्हाला तिची फार मदत होते.

निघायचे केव्हा, याचा एक ठोकताळा सांगितला जातो: कळा दर पाच मिनिटांनी येत आहेत, प्रत्येक कळ मिनिटभर टिकते आहे आणि असे तासभर चालले आहे, मग निघावे. हा ठोकताळा पहिलटकरणीसाठी आहे, तोही जिचा दवाखाना पंधरा-वीस मिनिटांवर आहे आणि दाराशी वाहन उभे आहे तिच्यासाठी. घाट उतरून तासभराचा रस्ता असेल, पावसाळ्यात वाटेतल्या ओढ्यावरून पाणी जात असेल, वाहन दुसऱ्या गावातून बोलवावे लागत असेल, तर दहा-दहा मिनिटांनी नियमित कळा येऊ लागल्या की निघालेच पाहिजे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेच्या बाईने तर कळा नियमित झाल्याचे लक्षात येताच निघावे, कारण तिचे बाळंतपण बहुधा पहिल्यापेक्षा पुष्कळ लवकर उरकते. आणि आधी सिझेरियन झालेले असेल, जुळी असतील, बाळ पायाळू किंवा आडवे असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा अंगात रक्त फारच कमी असेल, तर पहिल्या खऱ्या कळेलाच निघावे, आणि तेही जिथे शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय आहे अशाच रुग्णालयात. ते रुग्णालय कोणते, हे आठव्या महिन्याच्या तपासणीतच विचारून ठेवावे.

पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, फुटली तर कळांची वाट पाहायची नाही. कधी भसकन पाणी जाते, कधी नुसते ठिबकत राहते आणि लघवी सुटली असे वाटते. स्वच्छ कोरडे कापड किंवा पॅड घ्यावे, घड्याळात वेळ पाहून ठेवावी आणि निघावे. पाण्याचा रंग पाहावा: पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल, तर बाळाने पोटात शी केलेली असते आणि अशा वेळी घाई करायला हवी. पाण्याबरोबर नाळ बाहेर आलेली दिसली, तर ती आत ढकलू नये. बाईला गुडघे टेकवून, डोके खाली आणि कंबर वर अशा स्थितीत ठेवून क्षणाचाही विलंब न लावता न्यावे.

रक्ताच्या बाबतीत फरक समजून घ्यावा. कळा सुरू होण्याच्या सुमारास रक्ताचा किंचित अंश असलेला चिकट स्राव जातो. तो बाळंतपण जवळ आल्याची खूण आहे, आणि कधी कधी त्यानंतरही एक-दोन दिवस जातात. पाळीसारखे लाल रक्त जाऊ लागले, तर मात्र ते धोक्याचे आहे, मग पोट दुखत असो वा नसो. पोट सतत कडक राहून मध्ये सैलच पडत नसेल, डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, चेहरा सुजला असेल, झटका आला असेल, ताप असेल, किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर कळा मोजण्याचा प्रश्नच उरत नाही. 'कळा लागल्या की बाळ शांत होते' असे जे सांगतात ते खरे नाही. निरोगी बाळ कळांच्या काळातही हलते. शंका आली तर काहीतरी खाऊन डाव्या कुशीवर पडावे आणि लक्ष द्यावे. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर निघावे.

घरी असेपर्यंत तिला उपाशी ठेवू नये. पेज, मऊ भात, खिचडी, ताक, पाणी असे हलके काही थोडे थोडे द्यावे, तासा-दोन तासांनी लघवीला पाठवावे, वाटेल तसे चालू द्यावे. गर्भाशयाचे तोंड पूर्ण, म्हणजे दहा सेंटिमीटर उघडेपर्यंत तिला जोर लावायला सांगू नये. तिची ताकद फुकट जाते. कळा वाढाव्यात म्हणून एरंडेल पाजू नये. आणि हे मी कळकळीने सांगते: कळा वाढवण्याचे इंजेक्शन घरी कोणाकडूनही टोचून घेऊ नका. रुग्णालयात ते औषध सलाइनमधून थेंबाथेंबाने, बाळाचे ठोके ऐकत दिले जाते. घरी एकदम टोचल्यास बाळ गुदमरू शकते आणि गर्भाशय फाटून आईचाही जीव जाऊ शकतो.

वाहनाची सोय नवव्या महिन्यातच ठरवावी. तातडीच्या वेळी १०८ आणि गर्भवतीला दवाखान्यात आणण्यासाठी व बाळंतपणानंतर घरी सोडण्यासाठी १०२ या क्रमांकांवर फोन केल्यास रुग्णवाहिका मिळते. तरीही गावातला एक गाडीवाला सांगून ठेवावा. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधे, रक्त, जेवण आणि ने-आण यांसह मोफत आहे, तेव्हा पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत कोणी थांबू नये. मेळघाट, गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या आदिवासी भागांत काही आरोग्य केंद्रांना जोडून माहेरघरे आहेत. तारखेच्या काही दिवस आधीच तिथे येऊन राहता येते, आणि ज्यांचा पाडा पावसात तुटतो त्यांच्यासाठी हाच खरा उपाय आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या भगिनींनी माता व बाल संरक्षण कार्ड कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, बरोबर न्यावे आणि तळ पडताच जवळच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे.

नवरा बाहेरगावी असला, सासरे शेतावरून यायचे असले, तरी निघणे अडू नये. कोण बरोबर जाणार, धाकट्या मुलांजवळ कोण थांबणार आणि रक्त लागले तर कोण देणार, हे आधीच बोलून ठेवा. 'मला आता जायला हवे' असे ती म्हणाली, की ते शेवटचे मानावे.

वाटेतच बाळ येऊ लागले तर गाडी बाजूला थांबवावी. बाळाला ओढू नये. ते आपोआप येऊ द्यावे, कोरड्या कापडाने चोळून पुसावे, आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि दोघांना मिळून पांघरूण घालावे. नाळ कापू नये, ओढू नये. तसेच पुढे दवाखान्यात यावे.

पोहोचल्यावर परिचारिकेला आपण होऊन सांगा: कळा केव्हा सुरू झाल्या, पाणी गेले का, केव्हा आणि कोणत्या रंगाचे, बाळ शेवटचे केव्हा हलले, आधीची बाळंतपणे कशी झाली. तपासून 'अजून वेळ आहे' असे सांगितले, तर फेरा वाया गेला असे मानू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावरच बाळंतपणाचा जोराचा टप्पा धरला जातो, आणि त्याआधीच्या टप्प्याला किती तास लागतील याचा नेम नसतो. घर जवळ असेल तर पुन्हा केव्हा यायचे हे नीट विचारून परत जा. घर लांब असेल, तर तसे स्पष्ट सांगून तिथेच थांबू देण्याची मागणी करा, आणि ती करताना संकोच करू नका.