बक्षिशी नव्हे, मजुरी

श्रोतेहो, नमस्कार. पुण्यातून मुलांकडे अमेरिकेला जाणारे आईवडील आता घरोघरी आहेत. तिथे हॉटेलात बिल आले की टिपेवरून मुलांशी त्यांचा वाद होतो, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

डेक्कनवरच्या उडप्याकडे बडीशेपेच्या ताटलीत आपण दहा-वीस रुपये ठेवतो. ती आपली खुशी असते. ते ठेवले नाहीत म्हणून वेटरचा पगार कापला जात नाही. अमेरिकेत मात्र टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला अवघे २.१३ डॉलर दिले तरी केंद्रीय कायद्याला ते चालते, आणि हा आकडा १९९१पासून बदललेला नाही. तिथले केंद्रीय किमान वेतन ७.२५ डॉलर आहे. मधली तूट गिऱ्हाइकाच्या टिपेतून भरून निघेल, असे कायदा धरून चालतो. ती न निघाल्यास मालकाने भरावी अशी तरतूद आहे खरी, पण ज्याची नोकरी मालकाच्या मर्जीवर आहे, त्याने दर आठवड्याला हिशेब मांडून भांडावे, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही.

‘पगार मालकाने द्यावा, मी का द्यायचा?’ हा प्रश्न योग्यच आहे. परंतु टिप नाकारल्याने मालकाचे काही बिघडत नाही. पोटाला चिमटा बसतो तो दोन तास आपली उठबस करणाऱ्याला. साठ डॉलरच्या जेवणावर रिवाजाप्रमाणे १५ ते २० टक्के, म्हणजे नऊ ते बारा डॉलर होतात. त्यांचे रुपये केले की हात आखडतो, हे मी जाणतो. म्हणून ती रक्कम जेवणाच्या किमतीतच धरावी आणि परवडत नसेल तर साधे जेवण मागवावे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत पूर्ण किमान वेतन द्यावेच लागते, तरी रिवाज तिथेही आहे. मोठ्या गटाच्या बिलात ही रक्कम कित्येकदा आधीच लावलेली असते, तेव्हा बिल नीट वाचावे. जपानमध्ये मात्र टिप देऊच नये.

परदेशातून पुण्यात येणाऱ्या आप्तांसाठीही एक गोष्ट सांगतो. बिलात परस्पर सेवाशुल्क लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२मध्ये बजावले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५मध्ये ते उचलून धरले. तेव्हा ते शुल्क काढायला अवश्य सांगावे. पण वाचलेले पैसे खिशात न घालता वेटरच्या हातात रोख द्यावेत, आणि आत भांडी घासणाऱ्यालाही त्यातला वाटा मिळतो का, हे त्याला आपुलकीने विचारावे.