‘फेरी आत्ताच सुटली’ हे इंग्रजीत सांगताना

नमस्कार श्रोतेहो. चोडणच्या पक्षी अभयारण्यात निघालेला पाहुणा रायबंदरच्या धक्क्यावर पोचतो आणि विचारतो, फेरी कुठे गेली? अशा वेळी म्हणावं, ‘द फेरी हॅज जस्ट लेफ्ट.’ अमेरिकेतला माणूस ‘द फेरी जस्ट लेफ्ट’ म्हणेल, तेही बरोबर. ‘हॅज लेफ्ट जस्ट नाऊ’ मात्र टाळा. ‘जस्ट नाऊ’ शेवटी घ्यायचं तर ‘इट लेफ्ट जस्ट नाऊ.’

खरी गडबड होते ती वेळ सांगताना. ‘पाहुणे काल आलेत’ हे मराठीत सहज चालतं, म्हणून ‘दे हॅव कम येस्टरडे’ तोंडात येतं. इंग्रजीत काल, सोमवारी, दहा वाजता अशी सरलेली वेळ उच्चारली की हॅव-हॅज काढून टाकायचं: ‘दे केम येस्टरडे.’ नुसतीच बातमी द्यायची असेल तर ‘दे हॅव अराइव्हड.’ बाकी काही नाही तरी एवढं पक्कं कराच, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

‘टुडे मॉर्निंग’ऐवजी ‘धिस मॉर्निंग’, ‘येस्टरडे नाइट’ऐवजी ‘लास्ट नाइट’, ‘टू डेज बिफोर’ऐवजी ‘टू डेज अगो’ म्हणा.

हॉटेलच्या काउंटरवर बसणाऱ्यांनी आणखी एक जोडी नीट ऐकावी. ‘मॅनेजर हॅज गॉन टू मडगाव’ म्हणजे साहेब गेलेत, अजून परतले नाहीत. ‘मॅनेजर हॅज बीन टू मडगाव’ म्हणजे जाऊन आलेत. ‘गॉन’च्या जागी ‘बीन’ गेलं तर साहेब आतच असतील असं समजून गिऱ्हाईक ताटकळत बसेल.

परवा-तेरवा कधीतरी कुणी भेटलं, नेमका वार महत्त्वाचा नाही, तर ‘आय मेट हिम द अदर डे.’ इथेही हॅव नको. हल्ली सारखं घडतंय त्याला ‘लेटली’: ‘इट हॅज बीन रेनिंग अ लॉट लेटली.’ एकदाच घडलेल्या गोष्टीला ‘रिसेंटली’: ‘दे रिसेंटली बॉट अ स्कूटर.’

ऐकतानाही सावध राहावं लागतं. बोलण्याच्या ओघात ‘हॅज’चा नुसता ‘स’ उरतो, ‘हॅव’चा पुसटसा ‘व्ह’. ‘इट्स जस्ट लेफ्ट’, ‘आयव्ह जस्ट ईटन’ ही दोन वाक्यं मोठ्याने, घाई न करता म्हणून बघा. जीभ वळली की कानालाही तो ‘व्ह’ सापडू लागतो.